देवळाचे अंगण आणि समाजाचे आरोग्य

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी समाजभवन, सक्करदरा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, वधूवरांचा परिचय झाला, आणि पंगत बसण्यापूर्वीचा जो थोडा अवकाश उरतो तो मंडळाने आज मजकडे सोपविला आहे. भुकेलेल्या श्रोत्यांपुढे व्यायामाविषयी बोलावयाचे म्हणजे वक्त्याचीच कसोटी होय. परंतु मी आयुष्यभर शाळेत कवायतीचा तास घेतला. परीक्षा जवळ आली की तो तास गणिताला किंवा इंग्रजीला दिला जाई, आणि उरलेल्या वेळात आपले काम उरकण्याची सवय मला जडली. ती सवय आज उपयोगी पडेल.

विषय मंडळाने दिला तो 'समाजातील व्यायामाचा प्रसार' असा. मी त्याला थोडी मर्यादा घालून घेतो. व्यायाम चांगला आहे हे कोणास पटवून देण्याची गरज नाही. ते पटलेले असूनही आपण तो का करीत नाही, आणि आपल्या हाती असलेल्या दोन जागा, म्हणजे देवळाचे हे अंगण आणि पलीकडचे तलावाकाठचे उद्यान, यांचा त्यासाठी काही उपयोग होईल किंवा कसे, एवढेच मला बोलावयाचे आहे. त्यातून एक ठरावही मी आपल्यापुढे ठेवणार आहे. तो कित्येकांना रुचणार नाही याची मला जाणीव आहे.

आपला समाज हा विणकरांचा. आज सभागृहात बसलेल्यांपैकी फारच थोड्यांच्या घरी माग असेल. पण पन्नाशी उलटलेल्या बहुतेकांनी तो आजोबांच्या घरी पाहिलेला आहे. खड्डामागावर बसलेला विणकर लांबून पाहणाऱ्यास बैठा कामगार वाटे. प्रत्यक्षात त्याचे पाय खड्ड्यात पावड्या दाबीत असत, एक हात धोटा फेकण्यात आणि दुसरा फणी ठोकण्यात गुंतलेला असे, आणि दिवसातून सहस्रावधी वेळा ही क्रिया घडे. पहाटे गल्लीत ताणा पसरून पांजणी करावयाची म्हणजे कुंचला घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्यांवर फेऱ्या. घरातील स्त्रिया कांड्या भरीत, सूत उकलीत, पाणी भरीत, दळण दळीत. तयार लुगडे खांद्यावर टाकून बाजार गाठावयाचा तोही पायीच. पुढे १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, मागाहून मॉडेल मिल आली, आणि आपल्यापैकी अनेक घरे मागावरून गिरणीत गेली. तेथेही साच्यांमधून पाळीभर उभे राहून फिरावयाचे असे. त्या जीवनात कष्ट होते, दारिद्र्य होते, सुताच्या धुळीने छाती बिघडे, दिव्याच्या उजेडात डोळे जात. त्या दिवसांचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच हेतू नाही. आमच्या वडिलांनी आम्हांस शाळेत घातले ते त्या खड्ड्यातून बाहेर काढण्यासाठीच. मात्र त्या खड्ड्यातून बाहेर पडताना शरीराला काम देणारी जी एकमेव व्यवस्था आपल्यापाशी होती, तीही आपण मागे सोडून आलो, आणि तिच्या जागी दुसरी काहीच ठेवली नाही.

पूर्वी व्यायाम वेगळा करावा लागत नसे, कारण पोटापाण्याचा उद्योगच शरीर हलवीत असे. आता मुलगा बँकेत आहे, सून शाळेत आहे, नातू संगणकापुढे आहे, दुकानदार गादीवर आहे. घराच्या दारातून दुचाकी निघते ती कचेरीच्या दारात थांबते. बुधवार बाजारातून भाजी आणावयाची तरी किल्ली हाती घेतल्यावाचून आपण उंबरठा ओलांडीत नाही. जेवणाचे ताट मात्र विणकराचेच राहिले. पोळ्या तेवढ्याच, भात तेवढाच, सणाची पुरणपोळी तेवढीच, आणि वर तर्री-पोह्यांची भर.

बैठ्या कामाचा परिणाम काय होतो याचा पहिला मोठा शोध ज्या पाहणीतून लागला, ती मला फार बोलकी वाटते. लंडन शहरातील दुमजली बसगाड्यांवर चालक आणि वाहक असे दोन प्रकारचे नोकर असत. वर्ग एकच, पगारमान जवळजवळ सारखे, गाडीही तीच. चालक दिवसभर बसून, तर वाहक तिकिटे देत दिवसातून शेकडो पायऱ्या चढउतार करणारा. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केले की वाहकांमध्ये हृदयविकार चालकांपेक्षा कमी आढळतो, आणि जडला तरी त्यांना तो उशिरा व कमी घातक रूपात जडतो. आपल्या समाजापुरते बोलावयाचे तर गेल्या दोन पिढ्यांत आपण वाहकाच्या जागेवरून उठून चालकाच्या आसनावर जाऊन बसलो आहोत.

भारताचे आकडे आता उपलब्ध आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मद्रासच्या मधुमेह-संशोधकांसह केलेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात आपले महाराष्ट्र राज्य होते. त्या टप्प्यावर आधारित २०१४ च्या अहवालात निम्म्याहून अधिक लोक शारीरिकदृष्ट्या निष्क्रिय आढळले, आणि फावल्या वेळात खेळ वा व्यायाम करणारे शेकडा दहासुद्धा भरले नाहीत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत २०२२ मधील भारताचा जो हिशेब मांडला आहे, त्यात पुरेशी हालचाल न करणारे पुरुष शेकडा ४२ आणि स्त्रिया शेकडा ५७ आहेत. हा स्त्रियांचा आकडा लक्षात ठेवावा; त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

"आम्ही कोठे लठ्ठ आहोत?" असे म्हणणारे बंधू येथे पुष्कळ दिसतात. त्यांच्यासाठी पुण्याची एक हकीकत सांगतो. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील स्नेही डॉ. युडकिन या दोघांनी आपापली शरीरे मोजली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही सारखाच, २२.३. कोणीही दोघांना सडपातळच म्हणेल. परंतु युडकिन यांच्या अंगात चरबीचे प्रमाण शेकडा ९.१ निघाले, तर याज्ञिकांच्या अंगात शेकडा २१.२. २००४ साली दोघांनी हे आपल्या छायाचित्रासह प्रसिद्ध केले. आपली हाडे बारीक, स्नायू थोडे, आणि चरबी पोटाभोवती दडलेली. म्हणून सदरा सैल बसतो एवढ्यावरून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. रक्तातील साखर प्रामुख्याने खर्च होते ती स्नायूंत. स्नायू कामास लागला की तो ती साखर ओढून घेतो, आणि स्नायूच थोडा असेल व तोही निजलेला असेल तर साखर रक्तातच फिरत राहते. यात गूढ असे काही नाही. चुलीत लाकूड घातले नाही तर सरपण अंगणात साचावयाचेच.

मग किती व्यायाम करावा? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे प्रमाण ठरविले ते अगदी माफक आहे. प्रौढ माणसाने आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम, मग ते जोर-बैठका असोत, पाण्याची घागर उचलणे असो वा जिने चढणे असो. पासष्ट वर्षांवरील माणसांनी तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा, कारण म्हातारपणी पडून खुबा मोडणे हे अनेक घरांत अंथरुणास खिळण्याचे निमित्त ठरते. मुलांनी रोज सरासरी एक तास खेळावे. दिवसाकाठी अर्धा तास, पाच दिवस, एवढ्यावर प्रौढाचे भागते. जास्तीचे ज्याला झेपेल त्याने जरूर करावे.

अर्धा तासही आपणांस का सापडत नाही, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. माझे मत असे की, उणीव इच्छेची किंवा वेळेची नसून जागेची आणि सोबतीची आहे. आणि या दोन्ही गोष्टी आपल्या पूर्वजांनी देवळाशी जोडून ठेविल्या होत्या. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात गावोगाव मारुतीची स्थापना केली आणि मारुतीच्या देवळाशेजारी तालीम असावी हा प्रघात महाराष्ट्रात रुजला. पेशवाईच्या उतरत्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या पुनरुज्जीवित केली. आपल्या वऱ्हाडात, अमरावतीस, वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले; नावातच हनुमान आहे. त्या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जर्मनीत करून दाखविले. एका जिल्ह्याच्या गावातील आखाडा बर्लिनपर्यंत पोहोचला तो सरकारी हुकमाने नव्हे, तर वर्गणी, निष्ठा आणि पहाटेचा नियम यांच्या बळावर. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत ग्राम-आरोग्याला स्वतंत्र अध्याय दिला आणि सामुदायिक प्रार्थनेच्या जोडीला श्रमदान ठेवले. देवापुढे एकत्र येणारी माणसे शरीराच्या कामासाठीही एकत्र येतील हे त्यांनी ओळखले होते.

परदेशात आता हाच विचार शास्त्रीय कसोटीवर घासून पाहिला जात आहे हे ऐकून आपणांस कौतुक वाटेल. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मेक्सिकोहून येऊन वसलेली स्पॅनिश बोलणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. घरे लहान, नोकऱ्या कष्टाच्या, व्यायामगृहाची वर्गणी परवडत नाही, आणि परक्या भाषेत शिकविणाऱ्याकडे जाण्यास बायका संकोचतात. तेव्हा सॅन डिएगो येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या लोकांची स्वतःची जागा निवडली, ती म्हणजे त्यांचे कॅथलिक चर्च. सोळा चर्चेस आणि ४३६ स्त्रिया त्यांनी या प्रयोगात घेतल्या. निम्म्या चर्चेसमध्ये त्याच वस्तीतील, तीच भाषा बोलणाऱ्या स्त्रियांना शिक्षण देऊन त्यांच्याकरवी चालण्याचे व व्यायामाचे विनामूल्य वर्ग चालविले. उरलेल्या चर्चेसमध्ये कर्करोग-तपासणीविषयी वर्ग घेतले. वर्षअखेरीस पाहता व्यायामवर्ग लाभलेल्या चर्चेसमधील स्त्रियांची हालचाल दुसऱ्या गटापेक्षा वाढलेली आढळली. त्या उपक्रमाचे दुसरे अंग मला अधिक मोलाचे वाटते. त्या स्त्रिया चर्चच्या दारातून बाहेर पडून आसपासचे रस्ते आणि उद्याने पायी पाहू लागल्या, कोठे पदपथ तुटला आहे, कोठे दिवा नाही हे टिपू लागल्या, आणि ते नगरपालिकेपुढे मांडू लागल्या. चर्चपासून उद्यानापर्यंतची वाट त्यांनी स्वतः मोकळी करण्यास घेतली. दक्षिण अमेरिकेतील बोगोता शहरात तर १९७४ पासून रविवारी मोठे रस्ते मोटारींना बंद करून लोकांना चालण्यास, सायकलीस मोकळे करण्याचा पायंडा पडला. आज तेथे शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते दर रविवारी माणसांचे असतात. आपल्याकडे रस्ता बंद होतो तो मिरवणुकीसाठी किंवा मांडवासाठी. असो.

आपणही श्रद्धेच्या निमित्ताने चालतो, आणि भरपूर चालतो. नवरात्रात शहरातून कोराडीपर्यंत रात्रीच पायी निघणारे तरुण-तरुणी आपल्या घरांतले आहेत. नागपंचमीच्या सुमारास पचमढीच्या नागद्वारीस जाणारे विदर्भातले भाविक भर पावसात डोंगर चढतात, लोखंडी शिड्या चढतात, आणि परत आल्यावर महिनाभर त्याचे वर्णन करतात. जो पुरुष नागद्वारीचा डोंगर चढतो तोच घरून कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत दुचाकीने जातो. यावरून एवढेच दिसते की पाय शाबूत आहेत. त्यांना निमित्त आणि सोबत हवी आहे. वर्षातून एकदा मिळणारे ते निमित्त रोजचे कसे करावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

स्थानाच्या दृष्टीने आपण भाग्यवान आहोत. भोसल्यांनी नागपुरात ज्या बागा राखल्या त्यांत महाराजबाग, तुळशीबाग, तेलंगखेडी, सोनेगाव, पारडी यांच्या बरोबरीने सक्करदऱ्याचे नाव जुन्या गॅझेटियरात नोंदलेले आहे. राजे रघुजीरावांनी ताजुद्दीन बाबांना आपल्या सक्करदऱ्याच्या वाड्यात आणून ठेविले ते याच परिसरात. तलाव आहे, उद्यान आहे, रेशीमबागेचे मैदान हाकेच्या अंतरावर आहे, राजे रघुजी नगरात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, हनुमान नगराकडे मेडिकल आहे. तलावाची दशा गाळाने आणि सांडपाण्याने अनेक वर्षे शोचनीय राहिली हे खरे, परंतु काठाची मोकळी हवा अजून कोणी विकत घेतलेली नाही. अडचण आहे ती घरापासून तेथवर पोहोचण्याची. उमरेड रस्त्यावरील वाहतूक सकाळी सहापासून सुरू होते, पदपथावर हातगाड्या आणि उभी वाहने, आणि पहाटे कुत्र्यांचे टोळके. आमच्या गल्लीतील एका वृद्ध मावशींनी मला सांगितले, "गुरुजी, बागेत चालाले काही नाही होत हो, बागेपर्यंत जाची भीती वाटते." समाजशास्त्राचा मोठा ग्रंथ लिहूनही यापेक्षा अधिक सांगता येणार नाही.

येथे मी स्त्रियांच्या प्रश्नाकडे वळतो. पुरुष निदान चौकात जातो, मित्रांत उभा राहतो. घरातील गृहिणीचा दिवस पाच वाजता सुरू होतो. डबे, शाळा, पाणी, देवपूजा, सासूबाईंचे औषध, आणि या सर्वांतून सुटून एकटीने रस्त्याने "फिरावयास" जाणे म्हणजे शेजारणींच्या नजरा अंगावर घेणे. घरकाम हाच व्यायाम, असे तिला सांगितले जाते. तिच्या आजीच्या काळात ते खरे होते. आता जाते नाही, विहीर नाही, पाटा-वरवंटाही कोपऱ्यात पडला आहे. ओट्याशी तासन्‌तास उभे राहणे मात्र शिल्लक आहे, आणि त्याने पाय सुजतात, दम वाढत नाही. पोशाखाचीही एक गंमत आहे. आमच्या पूर्वजांनी विणलेले नऊवारी लुगडे कासोटा घालून नेसले की बाई शेतात वाकू शके, झाडावर चढू शके, ओढा ओलांडू शके. पाचवारीने आमच्या भगिनींचे पाय बांधले असे मी म्हणालो तर तरुणींनी रागावू नये. त्यांनी सलवार-कुडत्याचा मार्ग केव्हाच शोधला आहे. प्रश्न आहे तो मधल्या पिढीचा, पंचेचाळीस ते पासष्ट वयाच्या काकू-मावशींचा. त्यांना अशी जागा हवी की जेथे जाण्याचे कारण कोणास सांगावे लागणार नाही. देवळात जाते म्हटले की कोणीही अडवीत नाही. देवीचे दर्शन घ्यावे, प्रदक्षिणा घालाव्या, आणि त्याच अंगणात अर्धा तास मैत्रिणींसह हातपाय हलवून घरी परतावे. नेसूचे लुगडे असो वा पाचवारी, हातांच्या, खांद्यांच्या, टाचांवर उभे राहण्याच्या, खुर्चीवरून उठबस करण्याच्या क्रिया त्यात होतात. वर्ग घेणारीही बाईच असावी, आपल्याच गल्लीतली असावी. शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन घरी बसलेल्या मुली आपल्या समाजात आहेत हे मला ठाऊक आहे.

आता मी ज्या गोष्टीसाठी उभा आहे ती स्पष्ट बोलतो. समाजभवनाच्या मागील मोकळ्या अंगणावर छत घालून, फरशी बसवून, वातानुकूलित दुसरे सभागृह बांधण्याची योजना कार्यकारिणीपुढे आहे. तिचा हेतू उत्तम आहे. लग्नसराईत भवनास मागणी एवढी असते की आपल्याच ज्ञातिबांधवांना तारीख मिळत नाही, आणि भाड्याच्या उत्पन्नातूनच आपण गरीब विद्यार्थ्यांना वह्या-पुस्तके व शिष्यवृत्ती देतो. हे उत्पन्न बंद व्हावे असे म्हणणारा मी शेवटचा मनुष्य ठरेन. माझे कित्येक विद्यार्थी त्या शिष्यवृत्तीवर शिकले आहेत. तरीही माझी प्रार्थना अशी आहे की छत अर्ध्या अंगणावर घालावे आणि देवळाकडील पूर्वेचे अर्धे अंगण, जेथे कडुनिंबाचे झाड आहे, ते आकाशाखालीच राहू द्यावे.

उत्पन्नाचा जो तोटा होईल तो मी नाकारीत नाही. अर्ध्या जागेचे सभागृह अर्ध्या पाहुण्यांना पुरेल व भाडेही तसेच येईल. परंतु सभागृह एकदा बांधले की ते पाडून अंगण करणारी कार्यकारिणी जन्मास यावयाची नाही. नागपुरात अशी कित्येक देवळे दाखविता येतील की ज्यांच्या आखाड्याच्या जागी आज गाळे आहेत. गाळ्यांचे भाडे येते, आणि तालमीचे नाव तेवढे पाटीवर उरले आहे. शिवाय विवाहाचे मुहूर्त वर्षातील ठरावीक महिन्यांत असतात आणि समारंभ बहुधा सायंकाळी असतो. व्यायामाची वेळ पहाटेची. दोहोंत विरोध फक्त एकाच ठिकाणी येतो, तो म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत पडून राहणाऱ्या पत्रावळी, द्रोण आणि मांडवाचे बांबू. भाड्याच्या करारात एक कलम घालावे की पहाटे पाचपूर्वी पूर्वेचे अंगण झाडून द्यावे, अन्यथा अनामत रकमेतून वजावट होईल. कंत्राटदार कुरकुर करतील, पण करतील काम.

वर्गास खर्च कितीसा आहे? एक शिट्टी, एक हजेरीपट, दहा सतरंज्या, लेझीमचे जोड. ते तर आपल्या मिरवणुकीसाठी घेतलेले कपाटात गंजत पडलेच आहेत. लेझीमसारखा व्यायाम शोधून सापडणार नाही. छाती, खांदे, मांड्या, दम, ताल, सर्व एका खेळात येते, आणि मुलामुलींना तो व्यायाम वाटतच नाही. उन्हाळ्याचा विचार मात्र केला पाहिजे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा साडेपाच ते साडेसहा हीच वेळ. सूर्य वर आल्यावर कोणी मर्दुमकी गाजवू नये. पावसाळ्यात सभागृहाचा उपयोग होईल, म्हणून छताखालील अर्धा भागही आपलाच मित्र आहे. ज्यांना मधुमेहाचे इंजेक्शन वा गोळ्या चालू आहेत, ज्यांना छातीत कळ येते, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा, आणि खिशात खडीसाखर ठेवावी. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी शंभर जोर मारून आठवडाभर अंथरूण धरणारे वीर मी पुष्कळ पाहिले आहेत.

अंगणातील वर्ग ही केवळ पहिली पायरी होय. महिनाभराने पाय मोकळे झाले की आठवड्यातून दोन दिवस येथून सर्वांनी मिळून उद्यानापर्यंत चालत जावे आणि परत यावे. एकट्या मावशीला जी वाट भयाची वाटते, तीच वीस बायकांच्या घोळक्यास वाटणार नाही. कुत्रीसुद्धा घोळक्यास ओळखतात. वाटेत ज्या खांबावर दिवा नाही, जेथे पदपथावर झाकण उघडे आहे, त्याची नोंद वहीत करावी आणि मंडळाच्या कागदावर महानगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयास द्यावी, पुन्हा पुन्हा द्यावी. विनंत्या मंडळे पाठवितात तेव्हा त्यांची आवक नोंद होते, एकट्याच्या तोंडी तक्रारीची होत नाही, हा माझा अनुभव आहे.

एक प्रश्न कार्यकारिणीतील एका ज्येष्ठांनी मला खासगीत विचारला, तो येथे उघड करतो. हे अंगण ज्ञातीचे. मग वर्गास इतरांनी यावे काय? माझे उत्तर, यावे. गल्लीतील तेली, कुणबी, बौद्ध, मुसलमान शेजारी पाण्याच्या नळावर आपल्याबरोबर उभे राहतात. व्यायामास उभे राहिल्याने अंगण विटाळत नाही. आणि व्यवहार म्हणून सांगतो, केवळ आपल्याच घरांतून जमणारा घोळका लग्नसराईत, सुतकात, परीक्षेच्या दिवसांत विरून जाईल. गल्लीभराचा घोळका टिकेल. ज्येष्ठांनी यावर मान हलविली नाही, पण नकारही दिला नाही.

तेव्हा ठराव असा. पूर्वेकडील अर्धे अंगण छताविना कायम मोकळे ठेवावे. ते पहाटे साडेपाच ते सात स्त्रीवर्गास व वृद्धांस, आणि सायंकाळी समारंभ नसेल तेव्हा मुलांस विनामूल्य असावे. वर्गासाठी एका शिक्षिकेस मंडळाने माफक मानधन द्यावे, आणि पहिल्या वर्षीचे मानधन मी माझ्या निवृत्तिवेतनातून देईन. वर्षअखेरीस हजेरीपट सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. हजेरी पडली नाही, तर पुढील वर्षी मी स्वतः उरलेल्या छतासाठी सूचक म्हणून उभा राहीन.

ठरावाची प्रत चिटणिसांकडे दिली आहे. अनुमोदक हवा आहे. तो भगिनीवर्गातून मिळाल्यास मला विशेष समाधान होईल. नावे लिहिण्याची वही जेवणाच्या मांडवाच्या दाराशी, पानसुपारीच्या तबकाशेजारी ठेवली आहे. पंगतीस उशीर झाला याबद्दल वाढपी मंडळींची क्षमा मागून मी आपली रजा घेतो.